गोडाचे माप

(राष्ट्रीय पोषण सप्ताहाच्या समारोपप्रसंगी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



१९८२ पासून सप्टेंबरचा पहिला आठवडा देशभर राष्ट्रीय पोषण सप्ताह म्हणून पाळला जातो. या सप्ताहात पालेभाज्या, कडधान्ये आणि मोड आलेली मटकी यांची थोरवी आपण दरवर्षी ऐकता. यंदा आम्ही बोलणार आहोत ते कपकेकविषयी. धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावर केकचे काय काम, असा प्रश्न आमच्या काही हितचिंतकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या आहार विभागाच्या कामातच दडलेले आहे.

आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना एक छंद आहे. सुट्टीच्या दिवशी त्या छत्रपती संभाजीनगरातील बेकऱ्या हिंडतात. कॅनॉटमधील काचेच्या कपाटांची नवी दुकाने, निराला बाजार, सिडको-हडकोत घरूनच ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणी आणि शहागंजाकडील जुन्या भट्ट्या, अशी ही फेरी असते. एका ठिकाणी एकच कपकेक घ्यायचा, असा त्यांचा नियम. कागदाची वाटी हलक्या हाताने सोलायची, केकची जाळी पाहायची, वास लोण्याचा आहे की वनस्पती तुपाचा हे ओळखायचे, माथ्याला पडलेली चीर न्याहाळायची, आणि मगच पहिला घास. भट्टीतून माल केव्हा निघाला हे त्या बेकरीवाल्यास आवर्जून विचारतात. चांगला कपकेक मिळाला की त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान सोमवारी दुपारपर्यंत टिकते. हा आनंद त्या कोणापासूनही लपवीत नाहीत, रुग्णांपासून तर मुळीच नाही.

हा पदार्थ वाटतो तितका आपल्याला परका नाही. अमेलिया सिमन्स या अमेरिकन लेखिकेने १७९६ साली छापलेल्या पाकपुस्तकात लहान कपांत भाजावयाच्या हलक्या केकची कृती आढळते. पुढे १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कपकेक’ हे नावही आले. या नावामागे दोन अर्थ आहेत. एक, कपात भाजलेला केक. दुसरा, कपाने मोजून केलेला केक. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी, ही जुनी कृती तिकडच्या गृहिणींना तोंडपाठ असे. तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात कप हेच माप होते. आपल्याकडे शेर, पायली आणि अधोली गेली, तरी वाटी आणि चमचा ही मापे टिकली आहेत. तोच हा प्रकार. आपल्या महाराष्ट्रातच मुंबईच्या ग्रँट रोडवर १९१४ साली सुरू झालेली मेरवान आणि पुण्याच्या कॅम्पात १९५५ साली सुरू झालेली कयानी या बेकऱ्यांची नावे घेतली, की जुन्या पिढीच्या जिभेवर मावा केकची चव येते. कागदाच्या वाटीतला तो वेलचीच्या वासाचा मावा केक म्हणजे आपला कपकेकच होय.

आहारशास्त्र आणि खाण्याची आवड यांचे वैर असते, असा एक समज समाजात रूढ आहे. मराठी वाचकांना या समजाचे उत्तर एका घरानेच देऊन ठेवले आहे. डॉ. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले, पुढे मुंबईत नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि सामान्य वाचकांसाठी ‘आहारगाथा’ लिहिली. त्यांच्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांनी ‘खमंग’ हे पुस्तक लिहिले. एकाच घरात एकीने अन्नाचे गुणधर्म तपासले आणि दुसरीने अन्नाची गोडी सांगितली. आमच्या बाई या दोन्ही पुस्तकांना एकाच फळीवर जागा देतात.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. त्यामुळे या छंदात आम्हांस प्रथम दिसला तो हिशेब. १२० ग्रॅम मैदा, तितकीच साखर, तितकेच लोणी आणि दोन अंडी घेतली, तर बारा लहान कपकेक होतात. म्हणजे एका केकच्या वाट्याला मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी १० ग्रॅम. त्याचे उष्मांक साधारण १६० होतात. आता त्यावर २० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम लोणी घोटून केलेल्या क्रीमचा तुरा चढविला, की आणखी १५० उष्मांकांची भर पडते. याचा अर्थ असा, की वरची शोभा जवळजवळ खालच्या केकइतकीच जड असते. बेरीज ३१०, सुमारे ९० ग्रॅम ज्वारीच्या पिठाइतकी. साखर झाली ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा २००० उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला ५० ग्रॅमची आहे, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक बरे. त्यात दिवसभराचे दोन-तीन कप चहाही आले. हा हिशेब कळल्यावर क्रीम बाजूला काढून केक खाणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो, आणि कोणाचा आनंदही बुडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मधुमेहाच्या रुग्णांना आम्ही आहाराची वही लिहावयास सांगतो. ती त्यांची रोजकीर्द. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी हा त्यांचा ताळेबंद. पुष्कळदा रोजकीर्दीत केवळ भाकरी, वरण आणि मेथीची भाजी असते, पण ताळेबंद वेगळेच सांगतो. मधल्या नोंदी कोठे गेल्या? रुग्ण खोटारडा नसतो. तो भ्यालेला असतो. नातवाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला हे लिहिले तर मॅडम रागावतील, अशी त्याची समजूत असते. याचे परिणाम गंभीर होतात. खोट्या वहीवर विसंबून डॉक्टर औषध वाढवितात. पुढे एखाद्या चतुर्थीला रुग्ण उपास करतो आणि वाढलेल्या औषधाने त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या रोगात औषधाइतकीच किंमत खऱ्या माहितीला आहे.

बाई अशा रुग्णाला प्रथम विचारतात, “बाबा, केक कोठला आणला होता? वर क्रीम होते का?” मग स्वतः कोणत्या बेकरीत काय खाल्ले ते सांगतात. समोरच्या आजोबांचा चेहरा खुलतो आणि वहीत न लिहिलेल्या साऱ्या नोंदी तोंडी बाहेर पडतात. गोड खाण्याचा आनंद ठाऊक असलेल्या माणसासमोर गोड खाल्ल्याची लाज वाटत नाही. आमच्या मते या छंदाचा रुग्णालयास झालेला सर्वांत मोठा लाभ हाच होय.

इन्सुलिनवर असलेल्या लहान मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. वर्गातील मुलाचा वाढदिवस असताना याच मुलाने हात मागे घ्यावा, ही शिक्षा त्याने का भोगावी? केकमधील पिष्ट पदार्थ आणि साखर मोजून, डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनची मात्रा जुळविता येते. लोण्यामुळे साखर उशिरा चढते, हेही आईवडिलांना शिकवावे लागते. याच कारणासाठी येथे जमलेल्या सर्व कुटुंबांना आमची एक कळकळीची विनंती आहे. साखर कमी होऊन घाम फुटला, हात थरथरू लागले, तर केक किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे उशीर होतो. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. रुग्ण शुद्धीवर नसल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालय गाठावे.

माप म्हणजे केवळ कमी करणे नव्हे, हेही बाईंच्या कामातून दिसते. कर्करोगाच्या उपचारात अन्नावरची वासना उडालेले, दातांनी साथ सोडलेले वृद्ध रुग्ण ताट पाहूनच मान फिरवितात. त्यांना अंडे आणि दूध घातलेला एक मऊ कपकेक चहासोबत दोन-चार घासांत जातो, आणि त्या दिवशी तेवढे अन्न पोटात जाणे हेच मोलाचे असते.

डायलिसिसच्या रुग्णांचे गणित आणखी निराळे. हल्ली नाचणी, गूळ, कोको आणि सुका मेवा घातलेले कपकेक ‘पौष्टिक’ म्हणून विकले जातात. निरोगी माणसास ते चांगले असतील. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्यास त्यातील पोटॅशियम आणि फॉस्फरस बाधक ठरू शकतात. रक्तात पोटॅशियम वाढले, तर हृदयाची लय बिघडते. अशा रुग्णास ‘पौष्टिक’ पाटीच्या केकपेक्षा साधा, लहान, क्रीम नसलेला केक कधी कधी अधिक सोयीचा असतो. मात्र काही बेकिंग पावडरींतही फॉस्फेट असते, म्हणून तोही आपल्या डॉक्टरांना विचारूनच. गुळाविषयी मधुमेही रुग्णांचाही गैरसमज दूर करावा लागतो. रक्तातील साखर वाढविण्यात गूळ साखरेच्या फारसा मागे नाही.

मराठवाड्याच्या ज्वारीचे कपकेकही आता शहरात मिळू लागले आहेत. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने केक भुगा होतो. म्हणून तिला अंड्याचा किंवा दह्याचा आधार द्यावा लागतो. असा केक नीट जमलेला कोठे मिळाला, तर बाई ती वार्ता मोठ्या उत्साहाने आमच्या कचेरीत येऊन देतात. परंतु साखर तितकीच असेल तर ज्वारीचा केकही गोडच मानावा, हे सांगावयास विसरत नाहीत.

येथे एक शंका उरते. कपकेक हे खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचे खाणे. आमच्या गरीब रुग्णांस त्याचा काय उपयोग? २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठण या तालुक्यांतून येणाऱ्या या मंडळींची बेकरी म्हणजे टोस्ट, खारी, पाव आणि बिस्किटे. आजारी माणसास भेटावयास जाताना बिस्किटांचा पुडा न्यावा, ही तर आपली रीतच आहे. म्हणून बाईंची फेरी काचेच्या कपाटांपाशी थांबत नाही. ज्या नान-खलियाचे नाते लोकपरंपरा मुहम्मद तुघलकाच्या दौलताबादेतील काळाशी जोडते, त्या नानाच्या भट्टीपाशीही त्या उभ्या राहतात, आणि खारीच्या पदरांत कोणते तूप आहे याचीही चौकशी करतात. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयरोगाचा धोका वाढविते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे. सुट्या मालावर मात्र घटकांची चिठ्ठी नसते. तेथे विचारणारा ग्राहकच उपयोगी पडतो.

या फेऱ्यांतून आमच्या आहार विभागाने सामान्य बेकरी पदार्थांची एक चित्रमय तक्ता-वही तयार केली आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही कोणत्या पदार्थात किती चमचे साखर आहे हे चित्रावरून कळते. रुग्णाशेजारी बसून अर्धा तास बोलण्याचे मूल्य आमच्या बिलात कोठेही दिसत नाही. ते आपल्या देणग्यांतून उभे राहते. शस्त्रक्रियागृहातील यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, समुपदेशनाच्या अर्ध्या तासावर कोरता येत नाही, तरीही आपण या विभागास हात आखडता न घेता साहाय्य करीत आला आहात.

देणगीदारांस आमची प्रार्थना आहे, की हा हात असाच पुढे राहावा. रुग्णांच्या घरच्यांस विनंती आहे, की वहीत जे खाल्ले तेच लिहावे; येथे कोणीही रागावणार नाही. आणि सणासुदीला घरात गोड आलेच, तर वाटीच्या मापाने, सर्वांनी मिळून, आनंदाने खावे.