पिवळ्या पानाचे निदान



परसातील कागदी लिंबाचे झाड पिवळे पडू लागले म्हणजे घरात आधी काळजी सुरू होते आणि तिच्या मागोमाग सल्ले येऊ लागतात. इंदुरातील एका घरी असेच घडले. कुटुंब मूळचे गोव्यातील फोंड्याकडचे, पण दोन पिढ्यांपासून माळव्यात स्थायिक झालेले. अंगणातील लिंबाने सहा वर्षे भरपूर फळे दिली आणि सातव्या वर्षी त्याची कोवळी पालवी फिकट येऊ लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, झाडाला पाणी कमी पडत असावे. दूधवाल्याने शेणखताची पाटी आणून टाकली. कचेरीतील एका स्नेह्यांनी युरियाची पुडी दिली. आजींनी आपल्या माहेरची रीत स्मरून बंबातील राख नित्य नेमाने बुंध्याशी घालण्यास आरंभ केला, कारण फोंड्याच्या कुळागरात पोफळी आणि केळी राखेने तरारून उठतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सर्वांचा हेतू चांगला होता. परंतु दोन महिन्यांत शेंड्याची पाने जवळजवळ पांढरी पडली आणि फांद्यांची टोके वाळू लागली. झाड काढून टाकावे काय, असा प्रश्न घरात उभा राहिला.

रोग्याचा चेहरा फिकट दिसला म्हणून कोणताही जाणता वैद्य त्याला लगेच शक्तिवर्धक औषध देत नाही. तो डोळे पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो. झाडाच्या बाबतीतही असे तीन प्रश्न विचारावयास हवेत. पिवळी पडलेली पाने जुनी आहेत की नवी? पिवळेपणा सगळ्या पानावर आहे, कडेने आहे, की शिरांच्या मधल्या भागात आहे? आणि झाड कोणत्या मातीत उभे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निदानाचा मोठा भाग पार पडतो.

पहिला प्रश्न जुन्या-नव्या पानांचा. घरात टंचाई आली म्हणजे वडीलधारी माणसे आपल्या ताटातील घास मुलांना देतात. झाडाची रीत अशीच आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहज जाऊ शकतात. ती कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून घेते आणि नव्या पालवीला देते. म्हणून त्यांच्या कमतरतेची खूण खालच्या, जुन्या पानांवर प्रथम उमटते. नत्र कमी असेल तर जुने पान सर्वत्र सारखे पिवळे होते आणि झाडाची वाढ खुंटते. स्फुरद कमी असेल तर पान लहान, काळपट हिरवे राहते आणि कित्येकदा त्यावर जांभळी झाक येते. पालाश कमी असेल तर जुन्या पानाची कड करपते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लिंबूवर्गीय झाडांत अशा पानाच्या देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो.

लोह, चुना आणि बोरॉन यांचा स्वभाव निराळा आहे. ती ज्या पानात गेली, तेथेच बहुतांशी स्थिर राहतात. त्यांचा पुरवठा थांबला की जुनी पाने हिरवीगार राहतात आणि उपासमार नव्या पालवीला सोसावी लागते. लोहाच्या कमतरतेत कोवळे पान पिवळे पडते, पण त्याच्या बारीक शिरा हिरव्या जाळीसारख्या स्पष्ट दिसतात. जस्त कमी असेल तर लिंबाची नवी पाने आखूड, अरुंद आणि ठिपकेदार पिवळी येतात. टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा पडून आत बसतो, तो फळाला चुना न पोचल्यामुळे. आणि त्यालाही पुष्कळदा अनियमित पाणी हेच कारण असते.

या कसोटीवर इंदुरातील ते लिंबू पाहिले असते तर निदान पहिल्याच दिवशी झाले असते. जुनी पाने हिरवी, नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या: ही लोहाची उणीव. युरियाने ती भरून निघणे शक्यच नव्हते. झाडाची वाढ सर्वांत कमी असलेल्या अन्नद्रव्याने अडते, हा नियम कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1828 च्या सुमारास मांडला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग याने त्याचा सर्वत्र प्रसार केला. पिंपाची एक फळी तुटकी असेल तर बाकीच्या फळ्या कितीही उंच केल्या तरी पाणी त्या तुटक्या फळीपर्यंतच राहणार. युरियाची पुडी म्हणजे आधीच उंच असलेल्या फळीवर चढवलेला आणखी एक तुकडा.

पण येथे एक कोडे उभे राहते. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकात लोह विपुल असते. ज्या मातीत लोहाचे कोठार भरलेले आहे, त्या मातीत झाड लोहावाचून उपाशी कसे राहते? याचे उत्तर मातीच्या आंबटपणात, किंवा त्याच्या अभावात, दडलेले आहे.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेन्सन या रसायनज्ञाने 1909 साली आम्लता मोजण्याची एक पट्टी सुचवली. तिलाच इंग्रजीत पीएच आणि मराठीत सामू म्हणतात. सात हा मध्यबिंदू. त्याखाली आम्लधर्म, त्यावर विम्लधर्म. पट्टीवरील एक अंक म्हणजे दहा पटींचा फरक. सामू सहा असलेली माती सात सामूच्या मातीहून दहा पट आम्ल असते. बहुतेक भाज्यांना आणि फळझाडांना सहा ते साडेसात यांच्या दरम्यानचा सामू मानवतो. त्याच्या वर गेले की लोह, जस्त आणि मंगल ही द्रव्ये न विरघळणाऱ्या रूपात जातात. लोहाची स्थिती तर अशी आहे की, सामू एका अंकाने चढला म्हणजे मातीच्या पाण्यात विरघळलेले मुक्त लोह सुमारे हजार पटीने घटते. काळ्या मातीचा सामू साधारणतः साडेसात ते साडेआठ असतो आणि तीत चुनखडीचे खडेही सापडतात. कोठार भरलेले आहे, पण दाराला कुलूप आहे.

आता आजींच्या राखेकडे वळू या. राख विम्लधर्मी असते. तिच्यात पालाश आणि चुना असतो. फोंड्याची माती जांभ्या दगडाची. गोव्याचा धुवाधार पाऊस वर्षानुवर्षे तिच्यातील चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो, म्हणून ती माती आम्लधर्मी होते. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात आणि मुळांना तो मिळू देत नाहीत. तेथे राख पडली की आंबटपणा उतरतो, पालाश मिळतो, स्फुरदही काहीसा मोकळा होतो. कुळागरातील केळी तरारून उठत होत्या, त्या उगीच नव्हे. तीच राख माळव्याच्या काळ्या मातीत पडली तेव्हा तिने आधीच चढलेला सामू आणखी चढवला आणि कुलूप अधिकच घट्ट केले. आजींची रीत खोटी नव्हती. तिच्या पायाखालची माती बदलली होती.

हा फरक पाहण्यासाठी गोवा ते इंदूर इतका दूरचा प्रवासही करावा लागत नाही. एकट्या बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेस खानापूरकडे पावसाचा आणि तांबड्या, जांभ्या मातीचा मुलूख आहे, तर पूर्वेस अथणी आणि सौंदत्तीकडे काळ्या मातीची राने आहेत. खानापूरच्या पाहुण्याने सांगितलेला उपाय अथणीच्या परसात लागू पडेलच असे नाही.

मातीची ओळख घरच्या घरी पटवून घेता येते. सुक्या मातीचा एक लहान ढेकूळ बशीत घेऊन त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पिळावे. माती फसफसली तर तीत चुनखडी आहे असे खुशाल समजावे. अधिक नेमकेपणा हवा असेल तर एक भाग माती आणि अडीच भाग शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी एकत्र ढवळून अर्धा तास ठेवावे आणि वरच्या पाण्यात रसायनांच्या दुकानात मिळणारी सामूची कागदी पट्टी बुडवावी. सर्वांत खात्रीचा मार्ग अर्थातच प्रयोगशाळेचा. केंद्र शासनाने 2015 साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली, तेव्हापासून सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरदापासून बोरॉनपर्यंत एकंदर बारा बाबींची तपासणी शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली आहे. नमुना घेताना बागेतील पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडावी, सर्व एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि त्यातून अर्धा किलो पाठवावी. नुकतेच खत घातलेल्या जागेची माती घेऊ नये.

निदान झाल्यावर उपाय. चुनखडीच्या मातीत लोहाची उणीव असेल तर तात्पुरता आराम पानांवरील फवाऱ्याने मिळतो. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून, ऊन उतरल्यावर फवारावे. आठ-दहा दिवसांत पानांवर हिरवे ठिपके दिसू लागतात. एझेब ग्री या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात पिवळ्या पानांवर लोहाचा क्षार लावून हाच परिणाम दाखवून दिला होता. परंतु फवारा त्या पानापुरता. पुढची पालवी पुन्हा पिवळी येऊ शकते. हिराकस नुसती मातीत टाकली तर चुनखडी तिला लवकरच निकामी करते. अशा मातीसाठी ईडीडीएचए या नावाने मिळणारे बांधीव लोह अधिक टिकते. खरा, दूरवरचा उपाय म्हणजे चांगले कुजलेले खत. ते मातीला भुसभुशीत करते आणि कुजताना निघणारी सेंद्रिय आम्ले लोहाला मुळांपर्यंत पोचवतात. या बाबतीत इंदुराला दूर पाहावयास नको. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेतच अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टाची 'इंदूर पद्धती' सिद्ध केली आणि यशवंत वाड यांच्यासह 1931 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

जांभ्या मातीचा उपचार याच्या उलट. तेथे पावसाळ्यापूर्वी चुन्याची भुकटी थोडीथोडी मिसळावी आणि काही महिन्यांनी सामू पुन्हा पाहावा. चुना आणि ताजे शेणखत किंवा अमोनियाचे खत एकाच दिवशी घालू नये. नत्र वायुरूपाने उडून जातो.

कुंडीतील झाडाची अडचण थोडी वेगळी असते. मूठभर मातीत चूक लवकर उमटते. कूपनलिकेचे जड पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही, ते वर्षभर घातले की कुंडीतील सामू हळूहळू चढतो. कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्री धरली आणि पानांची टोके जळू लागली, तर ती उपासमार नव्हे, अजीर्ण आहे. तेथे खत थांबवून, तळाचे छिद्र मोकळे आहे याची खात्री करून, भरपूर स्वच्छ पाणी घालून साठलेले क्षार धुऊन काढावेत. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर फारच उत्तम.

शेवटी एक इशारा. प्रत्येक पिवळे पान अन्नाच्या उणिवेचेच असते असे नाही. मुळाशी पाणी तुंबले तर मुळे गुदमरतात आणि खत असूनही झाड पिवळे होते. भेंडीच्या पानात शिराच पिवळ्या होऊन मधला भाग हिरवा राहिला, म्हणजे लोहाच्या खुणेच्या अगदी उलट चित्र दिसले, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणूचा रोग होय. त्याला कोणतेही खत चालत नाही. आणि खालचे एखादे म्हातारे पान पिकून गळले, तर त्याची चिंता करू नये.

इंदुरातील त्या अंगणात अखेर बशीतली परीक्षा आजींच्याच हातून झाली. झाडावर उरलेल्या चार लिंबांपैकी एक त्यांनी मातीवर पिळले आणि माती फसफसली. युरिया थांबला, आळ्यात तुंबणारे पाणी मोकळे केले गेले, दोन फवारे झाले आणि पावसाच्या तोंडाशी कंपोस्टाच्या चार पाट्या पडल्या. आधीची पांढरी पाने गळून गेली, वाळलेली टोके छाटावी लागली. त्या वर्षी फळ आले नाही. पण श्रावणात फुटलेली पालवी हिरवी होती. बंबातील राख आता लिंबाच्या मुळाशी जात नाही. आजी ती भांडी घासण्यासाठी डब्यात भरून ठेवतात.