गुपित आकडा आपल्यापाशीच

माण-खटावात असा, नाहीतर आटपाडी-जतला, हातातलं काम चालू राहू द्या आणि कान इकडे द्या. आज आपण आपल्या आकड्यांबद्दल बोलू. आधारचा क्रमांक, पिन, ओटीपी, पासवर्ड. आकडे छोटे, पण आपल्या नावावरचा पैसा त्यांच्याच हाती असतो.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या एका जोडप्यावर वडूज पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आरोप असा, की बायकोच्या नावानं, पण दुसऱ्यांचे आधार क्रमांक घालून सुमारे तीस अर्ज भरले. हे उघडकीला कसं आलं? तिकडं नवी मुंबईत खारघरची एक बाई आपला अर्ज भरायला गेली, तर तिच्या आधारवर अर्ज आधीच भरलेला! बाई खारघरची, अर्ज साताऱ्याकडचा. आपला क्रमांक कुठं कुठं फिरतो, याचा आपल्याला पत्ता नसतो.

म्हणून आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर पेनानं लिहा : कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख काय. मग ती दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं. आधारचा फोटो गटाच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीच टाकू नका. शेवटचे चारच आकडे दिसतात असं ‘मास्क्ड आधार’ही मिळतं. नुसती ओळख दाखवायची असेल, तर पुष्कळ ठिकाणी तेवढं पुरतं.

आता पिनकडे येऊ. आपल्याकडे पिन कुठं असतो? पासबुकाच्या मागच्या पानावर, फोनच्या कव्हरात चिठ्ठीवर, नाहीतर पुतण्याच्या तोंडपाठ. “मला काय कळतंय, तूच बघ,” म्हणून आपण फोन त्याच्या हातात देतो. पोरगं चांगलं असेल, प्रश्न तो नाहीच. पण त्याच्या मित्रानं पाहिला, त्याचा फोन हरवला, तर? आणि उद्या खात्यातनं पैसे गेले, तर पहिला संशय त्याच्यावरच येणार. पिन न सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे. त्यानं आपला पैसाही राखला जातो आणि नातंही. मदत जरूर घ्या, बटन कुठलं दाबायचं ते विचारा; पण चार आकडे स्वतःच्या बोटानं दाबा. वाचता येत नसलं तरी आकडे ओळखता येतात. आठवडी बाजारात हिशेब करणाऱ्या बाईला चार आकडे जड नाहीत.

पिन 1234 नको, जन्माचं साल नको, मोबाईलचे शेवटचे चार आकडेही नकोत. पासवर्डात लेकराचं नाव नको. ते तर सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. उदाहरणार्थ, उंबरा, कात्री, पाऊस, डाळिंब. पण हेच घेऊ नका बरं, हे आता सगळ्यांनी ऐकलेत. बँकेचा, फेसबुकचा, ईमेलचा पासवर्ड वेगवेगळा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ असतं, तेही चालू करून घ्या.

ओटीपीचा नियम सोपा आहे. काम आपण स्वतः सुरू केलं असेल, तरच ओटीपी यायला हवा. लाडक्या बहिणीची ई-केवायसी आपण करायला बसलो आणि ओटीपी आला, तर ठीक. काही न करता आला, तर समजा, कुणीतरी आपल्या दाराची कडी हलवून बघतंय. “हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा,” असा फोन आला, तर फोन ठेवा. बँक फोनवर ओटीपी किंवा पिन मागत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा : पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. “पैसे पाठवलेत, पिन टाका” म्हणणारा चोरच.

इतकं करूनही फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. घरातले बोलतील, नवरा फोन काढून घेईल, या भीतीनं बाया चार-चार दिवस सांगत नाहीत. तेवढ्यात पैसा या खात्यातनं त्या खात्यात निघून जातो. लगेच 1930 वर फोन करा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. बँकेला कळवून खातं थांबवायला सांगा. आलेला मेसेज पुसू नका, तोच पुरावा. आणि घरातल्यांनो, तुम्हीही ऐकताय ना? फसलेल्या बाईला आधी फोन लावून द्या. बोलायचं असेल ते मागनं बोला.

गटाच्या येत्या बैठकीत एक काम करा. बचतीची वसुली झाली, की अर्धा तास काढा. ज्यांचा पिन दुसऱ्याला ठाऊक आहे, त्यांनी तो बदलायचा. येतंय तिनं शेजारणीला दाखवायचं आणि आकडे दाबायच्या वेळी तोंड फिरवायचं. 1930 हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा. पिन मात्र कुठल्याच वहीत नको.