बिलिरुबिन नॉर्मल, मग कावीळ कसली?



आम्ही डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात रक्त तपासणारे लॅब टेक्निशियन आहोत. तरी मुलांच्या एका आजाराविषयी चार शब्द बोलतो. तो आमच्याच घरात आला आणि आम्हाला ओळखता आला नाही.

आमची पुतणी तेव्हा सात वर्षांची. जिना चढताना दमायची. आरतीनंतर जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकायची. आम्ही म्हणायचो, "आळशी झालीय." रक्त आम्हीच तपासले. एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही वाढलेले. घरी सांगितले, कावीळ आहे. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू! बिलिरुबिन नॉर्मल होते, तिकडे लक्षच दिले नाही. दोन महिने वाया गेले.

मग बालरोगतज्ज्ञांनी तिच्या बोटांच्या सांध्यांवरचे लाल चट्टे आणि पापण्यांवरची जांभळट झाक पाहिली. आजार निघाला ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते. वर्षाला दहा लाख मुलांमागे दोन-चार जणांनाच होतो, म्हणून चटकन सुचत नाही.

शिवाय तो रूप बदलून येतो. कुणाला नुसतेच चट्टे, अशक्तपणा नाही. कुणाचा आवाज नाकात येतो, घास गिळताना ठसका लागतो. कुणाच्या कोपर-गुडघ्यांपाशी कातडीखाली कॅल्शियमच्या टणक गाठी होतात. स्नायूंची सीपीके तपासणीही कधी नॉर्मल येते. आणि एसजीओटी, एसजीपीटी यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात, हे डिप्लोमाला शिकलो होतो. घरच्या मुलीच्या वेळी विसरलो.

स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजारात सुमारे एक तृतीयांश मुले दगावत. आज स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, व्यायाम आणि उन्हापासून जपणे यांमुळे बहुतेक मुले सावरतात. मात्र स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नये.

पुतणी आता शाळेत जाते. गोळ्या अजून चालू आहेत.

पालकांना एवढीच विनंती, मूल उठताना हात टेकू लागले, केस विंचरताना हात खाली सोडू लागले, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि आम्हीही बदललो. लहान मुलाचे एसजीओटी वाढलेले आणि बिलिरुबिन नॉर्मल दिसले, की रिपोर्ट देण्याआधी डॉक्टरांना विचारतो, "साहेब, सीपीके करायची का?"

गणपती बाप्पा मोरया!