गालावरची गाठ आणि हजेरीपट



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या नावाच्या व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ विषय येऊन गेले. चिटणीसांनी आम्हांला बोलावले तेव्हा बोनस, ठेकेदारी किंवा नव्या कामगार संहिता असे काही त्यांच्या मनात असावे. आम्ही गालावरच्या गाठीचा विषय दिला. गेल्या दोन वर्षांत आमच्या युनियनच्या कचेरीत पगारवाढीइतकेच भांडण या एका गाठीवरून झाले आहे, म्हणून दिला.

आम्ही म्हणजे सोलापुरात यंत्रमाग आणि विडी कामगारांत काम करणारी चार माणसे. आमच्यांत डॉक्टर कोणी नाही. आमचे शिक्षण मस्टर, निवाडे आणि सार्वजनिक वाचनालय यांवर झालेले. तेव्हा वैद्यकातले जे सांगू ते डॉक्टरांना चार चार वेळा विचारून घेतलेले आहे, एवढे समजावे.

आमचा एक सभासद टॉवेलच्या मागावर आहे. त्याची बायको घरी विड्या वळते. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. तिच्या डाव्या गालात जन्मापासून निळसर, मऊ फुगवटा. दाबला की बसतो, सोडला की भरतो. मुलगी ओणवी झाली किंवा रडली की फुगतो, आणि सकाळी उठते तेव्हा जास्त दिसतो. आत बोटाला बारीक खडे लागतात. ते खरोखरच खडे असतात. रक्त साचून गुठळी होते आणि तिच्यावर चुना बसतो.

घरात या गाठीचा दोष आईला मिळाला. ग्रहणात विळीवर बसली असशील, असे सासूने सांगितले, आणि नऊ वर्षे ती बाई ते ऐकत आली. आता विज्ञान काय सांगते ते पाहा. गर्भात रक्तवाहिन्यांची घडण होत असताना एखाद्या पेशीतल्या जनुकात बदल होतो, आणि त्या पेशीपासून वाढलेल्या वाहिन्या सदोष होतात. नीलांच्या, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या, अशा घडणीमागचा एक जनुक २००९ साली दाखवून देण्यात आला. चेहऱ्यावरच्या लालजांभळ्या डागामागचा जनुक २०१३ साली सापडला. बहुतेक रुग्णांत हा बदल आईबापांकडून आलेला नसतो. त्यात ग्रहण नाही, विळी नाही, आई नाही. हे आम्ही त्या घरात सासूसमोर बसून सांगितले. तिला पटले की नाही ते ठाऊक नाही, पण तेव्हापासून ती बोलत नाही.

दुसरे नुकसान एका शिकलेल्या माणसाने केले. मुलगी वर्षाची असताना एका डॉक्टरने सांगितले होते, की वाट पाहा, शाळेत जाईपर्यंत आपोआप जाईल. हे वाक्य एका रोगाविषयी खरे आहे आणि दुसऱ्याविषयी साफ खोटे. तान्ह्या मुलांना रक्तवाहिन्यांची एक गाठ होते, तिला हिमँजिओमा म्हणतात. ती पहिल्या वर्षात झपाट्याने वाढते आणि मग वर्षानुवर्षे ओसरत जाते. तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचे जुने औषध लागू पडते, हे २००८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. पण सदोष घडण ही वेगळी गोष्ट. ती मुलाबरोबर वाढते, वयात येताना आणि गरोदरपणात फुगते, आणि आपण होऊन कधीच जात नाही. हा भेद अमेरिकेतल्या मलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी १९८२ साली स्पष्ट मांडला. त्यांच्या आधी सगळ्यांना एकच नाव होते. आमच्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी एकच नाव आहे.

मग लोक विचारतात, कापून का टाकत नाहीत? लहान, एकेजागी असलेली गाठ कापता येते. पण गालात चेहरा हलवणारी मज्जातंतूची शाखा जाते आणि गाठ तिच्याभोवती पसरलेली असते. डोळा मिटणे, ओठ हलणे सगळे त्या शाखेवर. आणखी एक प्रकार आहे, त्यात रोहिणी थेट नीलेला जोडलेली असते. हात लावला तर धडधड लागते. तिथे कोणी उतावळेपणाने रक्त पुरवणारी मोठी रोहिणी बांधून टाकली, तर आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन रक्त आणून देतात, आणि जिच्यातून नळी घालून उपचार करायचे ती वाट मात्र कायमची बंद होते. मोठा पाट अडवला की पाणी रान फोडून वाट काढते, हे आमच्या शेतकऱ्यांना शिकवायला नको.

या मुलीच्या प्रकारावर सुईचा उपचार आहे. त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. भूल देऊन, सोनोग्राफीत आणि क्ष-किरणाच्या पडद्यावर पाहत गाठीत औषध सोडतात. औषधाने वाहिनीचे अस्तर जळते, ती आकसते आणि बुजते. त्यांतले एक औषध ब्लिओमायसिन. जपानमध्ये उमेझावा यांनी मातीतल्या जिवाणूपासून ते काढले आणि १९६६ साली प्रसिद्ध केले, ते कर्करोगासाठी. आज तेच थोड्या मात्रेत गालाला लागते. सुई दिल्यावर गाल आधी दुप्पट सुजतो. आठवडा-दोन आठवडे सूज राहते. शेजारीपाजारी म्हणतात, बघा, मुंबईला नेऊन बिघडवून आणली! कातडी काळवंडणे, जखम होणे, मज्जातंतूला इजा होणे, हे धोकेही आहेत. ते डॉक्टरांनी सहीपूर्वी समजावून सांगितले, आणि सांगितले ते बरे केले.

एका सुईने गाठ जात नाही, आणि आमच्या व्याख्यानाचे मूळ इथे आहे. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा, मग पुन्हा. अर्धवट सोडले तर बुजलेल्या वाहिन्या पुन्हा उघडू शकतात. हा उपचार म्हणजे एक ऑपरेशन नव्हे, एक कॅलेंडर आहे.

या कुटुंबाच्या दीड वर्षात सात फेऱ्या झाल्या. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, साडेचारशे किलोमीटर, सकाळी मुंबई. पहिला दिवस रक्ततपासणी आणि भरती, दुसरा सुईचा, तिसरा निरीक्षणाचा. मग रात्रीची गाडी आणि चौथा दिवस झोपेचा. म्हणजे फेरीला चार खाडे, सात फेऱ्यांना अठ्ठावीस, आणि आईबाप दोघे गेले तर छप्पन. त्यांतली तिसरी फेरी फुकट गेली. गाडीत मुलीला खोकला झाला, आणि खोकला असताना भूल देता येत नाही. डॉक्टरांचे बरोबर होते. पण मागावरचे चार दिवस परत कोण देणार?

वीस दिवस काम केले की एक दिवस भरपगारी रजा, हे प्रमाण १९४८ च्या कारखाना कायद्यात होते आणि नव्या संहितेतही तेच आहे. वर्षात तीनशे दिवस भरले तर पंधरा रजा. दीड वर्षात बावीस. एक लग्न नाही, एक ताप नाही असे धरले तरी हिशोब जुळत नाही. शिवाय मोजकेच कामगार दाखवणाऱ्या शेडीत हा नियम पोहोचतच नाही. शेड एक आणि कागद चार, हे सोलापुरात सांगायला नको. राज्य कामगार विमा योजना १९५२ साली सुरू झाली. तिचे आमच्यावर उपकार आहेत, आणि ती कुटुंबालाही उपचार देते. पण आजारपणाचा रोख भत्ता मिळतो तो कामगार स्वतः आजारी पडला तर. मूल आजारी आणि बाप धडधाकट, तर भत्ता नाही. विडी वळणाऱ्या आईचे तर नावच काढू नका. हजारावर मजुरी, वळली तर पैसे.

रेल्वेची सवलत कर्करोग, क्षय, थॅलसेमिया अशा ठरावीक रोगांना आहे. या रोगाचे नाव तिच्यात नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. ॲसिडहल्ल्याने चेहरा जळालेल्यांना त्यांत जागा मिळाली, हे फार योग्य झाले. जन्मतः चेहरा वेगळा असलेल्यांचे त्यात नाव नाही. खाजगी विम्याकडे जावे तर पहिला प्रश्न, हे सौंदर्यासाठी का? सौंदर्योपचार पॉलिसीतून वगळलेले असतात. वैद्यकीय गरज सिद्ध केली तर मिळतात, पण सिद्ध कोण करणार? मागावरचा माणूस? रक्त येते, दात सैल होतात, घास चावताना गाल चावला जातो, याला सौंदर्य म्हणणाऱ्याने एकदा त्या मुलीबरोबर जेवायला बसावे.

चौथ्या फेरीनंतर मालकाची नोटीस आली. सततची गैरहजेरी, खुलासा करावा. आम्ही रुग्णालयाचे कागद घेऊन गेलो. मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आज गाल आणलात, उद्या नाक आणाल." आम्ही म्हणालो, आणू. त्याच आठवड्यात बापाने कचेरीत येऊन सांगितले, की गाल आता पुष्कळ बरा दिसतो, तेव्हा थांबावे म्हणतो. त्याच्या डोक्यावर उसनवारी होती. आम्ही वर्गणी काढली. पण वर्गणी एकदा निघते, सात वेळा निघत नाही.

म्हणून यंदाच्या मागणीपत्रकात एक कलम आहे. मुलाच्या किंवा आईबापाच्या फेरीच्या उपचारासाठी वर्षाला बारा दिवस सोबतीची रजा, कमाईच्या रजेखेरीज. रुग्णालयाच्या तारखेचा कागद हाच अर्ज. त्या दिवसांनी सलग सेवा खंडित धरू नये. आणि विडीवाल्या आईला त्या आठवड्यानंतर पान-तंबाखू कमी देऊ नये. तीन शेडींनी आजवर निम्मे कबूल केले आहे. रजा बिनपगारी, पण नोटीस नाही. पगाराचे बोलणे चालू आहे.

श्रोत्यांत कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर थोडे कामाचे. एमआरआयच्या फिल्म आणि प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर आधी कोणते औषध किती दिले हे विचारतात, आणि ब्लिओमायसिनची तर आयुष्यभराची मात्रा मोजावी लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्दी-ताप असेल तर गाडीत बसण्याआधी वॉर्डात फोन करा. सुई दिल्यावर गालाला चिकटपट्टी लावू नका, खाजवू देऊ नका. डाग राहतात. परतीच्या गाडीत उशी उंच ठेवा, म्हणजे सूज कमी चढते. मुंबईत उतरायचे कुठे, हा प्रश्न मोठा आहे. गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण राहतात. आमच्या रुग्णांसाठी अशी एक जागा परळच्या आसपास मिळावी म्हणून आम्ही खटपट करीत आहोत. कोणाची ओळख असेल तर सभा संपल्यावर भेटावे. मुलीची आठवी फेरी पुढच्या महिन्यात आहे आणि तिकिटे अजून वेटिंगला आहेत.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्न असतील ते विचारा, आम्ही थांबतो.