स्पर्धेनंतरचे गाणे



दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत पहिला आलेला गायक पुढे काय करतो, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही. आज एका अमेरिकन गायिकेची हकीकत सांगतो. विषय मंडळास काहीसा परका वाटेल; पण आपल्या घरोघरची मुलेही अशा स्पर्धांच्या तयारीत गुंतलेली असतात, म्हणून तो निवडला.

टेक्सास राज्यातील बर्लसन या गावी वाढलेली केली क्लार्कसन सप्टेंबर २००२ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’च्या पहिल्याच पर्वात विजयी झाली. विजयाबरोबर ध्वनिमुद्रणाचा करारही आला. लोकांनी कौल दिला होता तो तिच्या कंठाला; परंतु ही मुलगी गीतेही रचीत होती, आणि ओढाताण तेथेच सुरू झाली.

आईवडिलांच्या घटस्फोटाचे शल्य उरी बाळगून वयाच्या सोळाव्या वर्षी तिने ‘बिकॉज ऑफ यू’ हे गीत लिहिले होते. २००३ च्या पहिल्या संग्रहासाठी कंपनीने ते नाकारले. आम्हां सरकारी मंडळींच्या भाषेत, प्रकरण दप्तरी दाखल झाले! दोन सहकाऱ्यांच्या साह्याने नव्याने घडवलेले तेच गीत २००४ च्या ‘ब्रेकअवे’ संग्रहात आले आणि पुढील वर्षी युरोप-अमेरिकेत गाजले.

एवढ्याने तरी कंपनीचा विश्वास बसावा! पण २००७ च्या ‘माय डिसेंबर’ या संग्रहातील सर्व गीतांच्या लेखनात तिचा हात होता, आणि संगीतव्यवसायातील बडे प्रस्थ क्लाइव्ह डेव्हिस यांना तो संग्रह पसंत पडला नाही. बदल करण्यास तिने साफ नकार दिला. संग्रह निघाला, मात्र आधीच्या इतका खपला नाही, आणि मोठ्या सभागृहांतील नियोजित दौराही रद्द झाला. नुसता खप पाहिला तर डेव्हिस यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, असे मला वाटते. २००९ मध्ये तिचे जे गीत अमेरिकेच्या यादीत ९७ व्या क्रमांकावरून एकदम पहिल्यावर गेले, तेही इतरांनीच रचलेले होते. तथापि पंचविशीतील त्या मुलीचा हट्ट मला खपाहून मोलाचा वाटतो. आपल्या मनातले आपल्याच शब्दांत गाण्याची सोय स्पर्धेच्या करारात कोणी लिहून देत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच कार्यक्रमात ती पाहुणी परीक्षक म्हणून आली, तेव्हा तिने ‘पीस बाय पीस’ हे आपल्या सहलेखनातले गीत गायिले. विषय पुन्हा सोडून गेलेल्या पित्याचाच. गाताना तिला अश्रू आवरेनात. त्याच वर्षी जुनी कंपनी सोडून तिने दुसरीशी करार केला.