पाणवठ्याभोवतीचे गवत



उन्हाळ्यात रानातील हरणे व रोही मोजक्या पाणवठ्यांवर येतात. त्यामुळे काठाजवळचे गवत पुनःपुन्हा खाल्ले व तुडविले जाते. मारवेल, पवन्या ही रुचकर गवते तेथून प्रथम नाहीशी होतात. ज्यांना जनावर सहसा तोंड लावीत नाही ती रुई व तरवड मागे राहतात. दूर जावे तसतसे गवत वाढलेले दिसते. १९६९ साली लँग या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशात मेंढ्यांच्या पाणवठ्यांभोवती अशीच वर्तुळे दाखवून दिली. तेव्हा सारा दोष रानजनावरांना देणे न्याय्य नव्हे. आपल्या शेळ्यामेंढ्याही त्याच वाटेने जातात. शिवाय लेंड्यांतून बाभळीचे बी दूरवर रुजते, तो लाभही जमेस धरावा.

मुलांना नवा पाणवठा खोदावासा वाटतो. त्यांचा उत्साह मोडू नये. परंतु पाणवठे फार जवळजवळ झाल्यास ही उजाड वर्तुळे एकमेकांस भिडतात आणि टंचाईच्या वर्षी लागणारा चारा कोठेच उरत नाही, हे त्यांस आधी दाखवावे. पाण्यापासून पन्नास, शंभर व दोनशे पावलांवर हातभर चौकोन आखून आतील गवते मोजवून घ्यावीत. वेळ मात्र भर सकाळची असावी. पहाटे व सायंकाळी पाण्यावर जनावरांचा हक्क असतो.