पंगतीचा वेश आणि दाराची अट



मुंबईच्या विलिंग्डन क्लबने १९८८ मध्ये चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना दारातून परत पाठवले. ते अनवाणी होते, एवढेच कारण. हुसेन अनवाणी वावरतात, हे तोवर साऱ्या देशाला ठाऊक होते. हा क्लब पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघाला, तो मुंबईतल्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश मिळत नसे म्हणून. वर्णाची आडकाठी मोडण्यासाठी जो क्लब निघाला, त्याच्याच दारात सत्तर वर्षांनी पादत्राणांची आडकाठी उभी राहिली. बाहेर जेवायला जाताना काय घालावे, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. पण कोणी कोणाबरोबर बसायचे हे ठरवण्याचे काम पोशाखाने वेळोवेळी केले आहे. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. नीटनेटके होऊन जेवायला जाणे ही चांगली रीत आहे आणि ती टिकावी. मात्र ठरावीक पोशाख ही आत येण्याची अट असू नये. रीत आपण आपल्या मनाने पाळतो, अट दुसरा आपल्यावर घालतो, आणि या दोहोंची गल्लत केल्यामुळेच हा वाद चिघळतो.

जेवणाचा वेश ही कल्पना इंग्रजांनी आपल्याकडे आणली, असे समजण्याचे कारण नाही. सोवळे पाळणाऱ्या घरांत जेवायला बसताना अंगरखा उतरत असे आणि मुकटा किंवा पीतांबर नेसला जाई. इंग्रज जेवणासाठी अंगावर कपडे चढवत होता आणि आपल्याकडचा सोवळेकरी ते उतरवत होता. पण दोन्हीकडे वेशावरून माणसाची जागा ठरत होती. सोवळ्याच्या पंगतीला कोण बसेल, कोणाची पंगत वेगळी मांडली जाईल आणि कोणाला ओसरीही चढता येणार नाही, हे ठरलेले असे. परक्या ठिकाणी खाणेपिणे हाच तेव्हा गुन्हा होता. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या समाजसुधारकालाही १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहापायी प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. तेव्हा क्लबच्या नियमांकडे बोट दाखवताना आपल्या माजघराचा इतिहास विसरून चालणार नाही. दार अडवण्याची कला आपल्याला कोणी परदेशातून शिकवलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर सोवळे सैल झाले, पण क्लबांचे नियम टिकले. कोट, टाय आणि बंद बूट हा थंड हवेतला पोशाख मुंबई-चेन्नईच्या उकाड्यात सभ्यतेची खूण म्हणून जपला गेला. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंधामन यांना क्रिकेट संघटनेच्या क्लबमध्ये एका पुस्तक प्रकाशनासाठी जायचे होते. त्यांनी वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसली होती, म्हणून त्यांना आत सोडले नाही. प्रकरण विधानसभेत गेले आणि त्याच वर्षी तमिळनाडूने कायदा केला. वेष्टी किंवा इतर भारतीय पारंपरिक पोशाख आहे म्हणून सार्वजनिक जागी किंवा क्लबमध्ये कोणाला अडवले, तर परवाना रद्द होण्याची आणि तुरुंगवासाची तरतूद त्यात आहे. त्या राज्यात धोतर हा लग्नाचा, देवळाचा आणि मंत्रिमंडळाचाही पोशाख आहे. सबंध समाज ज्याला औपचारिक मानतो, तो वेश एका दारापाशी अनौपचारिक ठरला. म्हणजे तिथे जपली जात होती ती औपचारिकता नव्हती, औपचारिकता कोणाची हे ठरवण्याचा अधिकार जपला जात होता.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. नियम गेले की अदबही जाते, आणि चांगल्या पोशाखाचे मोल ज्यांना तो नाकारला गेला त्यांनाच विचारा, असे आक्षेप घेणारे म्हणतात. मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या निमित्ताने गांधीजी लंडनला गेले आणि पंचा व शालीतच बकिंगहॅम राजवाड्यातल्या चहापानाला हजर राहिले. त्याच परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुटाबुटात होते. ज्या समाजाने कोणी काय ल्यावे आणि काय ल्यायचे नाही याचे निर्बंध पिढ्यानपिढ्या अस्पृश्यांवर लादले, त्या समाजात बाबासाहेबांचा सूट हा समतेचा उघड दावा होता. आजही वस्तीतला तरुण पहिल्या पगारातून ब्लेझर घेतो आणि आईवडिलांना चांगल्या हॉटेलात जेवायला नेतो, तेव्हा त्या ब्लेझरची किंमत नुसत्या कापडाची नसते. म्हणून औपचारिक पोशाखाला ढोंग म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. पण या दोन उदाहरणांतून निघते ते वेगळेच. गांधीजींचा पंचा आणि बाबासाहेबांचा सूट या दोन्हींचे तेज त्यांच्या निवडीत होते. दारावरच्या नियमाने पंचा नाकारला असता किंवा सूट लादला असता, तर दोन्हींचा अर्थ पुसला गेला असता.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. जागा आमची, सभासद आमचे, नियमही आमचे, असे क्लब म्हणतात. सभासदांच्या घरगुती कारभारापुरते ते ठीक आहे. परंतु आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येत नाही. ज्या देशात हॉटेलात वेगळी कपबशी ठेवली जात होती, त्या देशाच्या घटनाकारांना जेवणाच्या जागेचे महत्त्व नेमके कळले होते. पोशाखाचा उल्लेख त्या कलमात नाही, हे खरे. पण पोशाखावरून जात, प्रांत आणि ऐपत ओळखता येते, तोवर पोशाखाची अट हा त्या बंदीला वळसा घालण्याचा मार्ग होऊ शकतो.

आता सगळेच सैल झाले आहे, मग चिंता कशाला, असेही कोणी विचारील. बदल झाला आहे खरा. बाहेर जेवणे हा पूर्वी क्वचितचा प्रसंग होता, आता ती शहरातल्या अनेक कुटुंबांची नेहमीची सवय झाली. कचेऱ्यांतून टाय गेला, आणि महागड्या हॉटेलांतही टी-शर्ट आणि जीन्स रुळली. पण सैल नियमालाही द्वारपाल असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका उपाहारगृहातली चित्रफीत देशभर पसरली. साडी ‘स्मार्ट कॅज्युअल’मध्ये बसत नाही, असे तिथली कर्मचारी सांगताना त्यात दिसते. वादाचे मूळ वेगळे होते, अशी बाजू उपाहारगृहाने मांडली. तरीही ते वाक्य उच्चारले गेले, ही गोष्ट उरतेच. कोल्हापुरी चपलेचेही तसेच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर तिच्यासारखी पादत्राणे प्रादा या फॅशन कंपनीने मिरवली आणि श्रेय न दिल्याबद्दल महाराष्ट्रात संताप उसळला. तो संताप रास्त होता. मग चपला चालणार नाहीत अशी पाटी आपल्याच शहरात दिसली, तर तिथेही तो जागा व्हायला हवा.

तेव्हा नियम असूच नयेत का? असावेत, पण ते स्वच्छतेचे आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्रास न होण्याचे असावेत. ते आधी जाहीर केलेले असावेत, सर्वांना सारखे लागू असावेत, आणि कोणत्याही प्रदेशाच्या वेशाला कमी लेखणारे नसावेत. जेवणाऱ्यानेही आपली बाजू सांभाळावी. कोणीतरी तासन्‌तास राबून रांधलेले अन्न समोर येते, तेव्हा त्यासाठी थोडे नीटनेटके होऊन बसणे हा त्या श्रमांचा मान आहे. मग ते नीटनेटकेपण धोतराचे असो, नऊवारीचे असो की सुटाचे. हॉटेलचालकांना आणि क्लबांच्या कार्यकारिणींना माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या नियमावलीतले पोशाखाचे कलम येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवा आणि त्यातली प्रत्येक अट कोणाला बाहेर ठेवते, हे एकदा विचारा. ज्या अटीचे समाधानकारक उत्तर देता येणार नाही, ती काढून टाका.